एक्स्पोजर लॅटिट्यूड, डिजिटल कॅमेऱ्यांतील

एक्स्पोजर (फिल्मवर वा सेन्सरवर पडू दिलेला प्रकाश) कमीजास्त होऊनही छायाचित्र वापरण्याजोगे राहते, त्या चुकीची स्टॉपमध्ये (प्रकाश दुप्पट वा निम्मा होण्याची एक पायरी) मोजलेली मर्यादा. संज्ञा फिल्मच्या काळातील असून तिचे मूळ सामान्यतः हर्टर व ड्रिफील्ड या संशोधकांनी १८९० मध्ये मांडलेल्या, प्रकाश व निगेटिव्हची घनता यांच्या आलेखात शोधले जाते. निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसते. डिजिटल सेन्सरचे उलट आहे : पिक्सेल काठोकाठ भरला की तेथील तपशील कायमचा जातो, सावलीतला मात्र नॉइजसकट (चित्रातील दाणेदार गढूळपणा) वर काढता येतो.

लॅटिट्यूड व डायनॅमिक रेंज हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात, ते तितकेसे बरोबर नाही. डायनॅमिक रेंज ही सर्वांत उजळापासून सर्वांत अंधाऱ्यापर्यंतचा पल्ला टिपण्याची सेन्सरची क्षमता होय. दृश्यातील उजेड-अंधाराचा पल्ला तिच्यातून वजा जाता जे उरते, ती लॅटिट्यूड. म्हणूनच रंकाळ्यावरच्या धुकट सकाळी ऐसपैस वाटणारा कॅमेरा कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळात अपुरा पडतो. तेथे काहिलीवरची वाफ पत्र्यातून आलेल्या कवडशात पांढरीफेक होते आणि चुलवाणात चिपाडे सारणारा गडी काळोखात बुडतो.

२०१२ मध्ये आलेले निकॉन डी८०० (३६.३ मेगापिक्सेल) व कॅनन ५डी मार्क ३ (२२.३ मेगापिक्सेल) हे तुलनेचे नेहमीचे उदाहरण. कॅमेऱ्यांची मोजमापे प्रसिद्ध करणाऱ्या डीएक्सओमार्कने त्यांची डायनॅमिक रेंज अनुक्रमे १४.४ व ११.७ स्टॉप दिली. निकॉनमध्ये संकेताचे अंकांत रूपांतर सेन्सरच्याच चिपवर होते. कॅननमध्ये ते बाहेर होत असल्याने वाटेत नॉइज मिसळतो आणि उचललेल्या सावलीत पट्टे दिसतात. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेची पातळी) वाढवल्यावर हे अंतर बरेच मिटते, हे मात्र तुलना करणारे पुष्कळदा सांगत नाहीत. कॅननने ही रचना ५डी मार्क ४ (२०१६) मध्ये बदलली.

एका बिटाला फार तर एक स्टॉप, मग १४ बिटांच्या फाइलमधून १४.४ स्टॉप कसे, हा आक्षेप वरवर रास्त आहे. हा आकडा प्रतिमा ८ मेगापिक्सेलपर्यंत लहान केल्यावरचा असून लहान करताना नॉइज सरासरीत विरतो. शिवाय येथे संकेत व नॉइज समसमान होतात ती खालची हद्द धरली आहे. इतकी सावली छापील अल्बममध्ये कोणी स्वीकारत नाही. त्यामुळे अधिक कडक हद्द धरणारी मोजमापे व्यवहाराला जवळची वाटतात.

तुलनेसाठी दोन्ही कॅमेरे तिवईवर ठेवून, दर चित्राला दोन्हींवर छिद्र, शटर व आयएसओ सारखे राखून, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये एक्स्पोजर एकेक स्टॉप कमी करत चित्रे घेतात. मग सर्वांचा उजळपणा व आकार समान करून सावल्या पाहतात. ८ बिटांच्या जेपेगवरून केलेली तुलना सेन्सरपेक्षा कॅमेऱ्यातील प्रक्रियेचीच अधिक ठरते.