आंतररेण्वीय बले आणि कार्बनी संयुगांचे उत्कलनांक

द्रवातील रेणूंना एकमेकांजवळ धरून ठेवणाऱ्या आकर्षणांना आंतररेण्वीय बले म्हणतात. द्रव उकळताना ही आकर्षणे तोकडी पडतात आणि रेणू सुटे होतात. रेणूच्या आतले सहसंयुजी बंध मात्र शाबूत राहतात.

‘रेणू जड, म्हणून उत्कलनांक जास्त’ हा नियम पाठ करायला सोपा, पण अपुरा आहे. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर यांच्या रेणूंत अणू तेच आणि तेवढेच: कार्बनचे २, हायड्रोजनचे ६, ऑक्सिजनचा १. तरीही सामान्य वातावरणीय दाबाला इथेनॉल ७८° से.ला उकळते, तर ईथर उणे २५° से.च्या आसपासच. इथेनॉलमधला एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. ईथरमध्ये सगळे हायड्रोजन कार्बनवर असल्याने तिथे फक्त ध्रुवीय आकर्षण (रेणूच्या किंचित धन आणि किंचित ऋण टोकांमधली ओढ) आणि लंडन बले उरतात.

लंडन बले सर्वच रेणूंत असतात. इलेक्ट्रॉनांच्या वाटणीत क्षणभर होणाऱ्या असमतोलातून ती निर्माण होतात, हे फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे दाखवले. इलेक्ट्रॉन वाढले की ती वाढतात. म्हणून मिथेन उणे १६१° से.ला उकळतो आणि हेक्झेन ६९° से.ला. अणू तेच आणि तेवढेच असले तरी रेणूची ठेवणही महत्त्वाची. सरळ साखळीचे पेंटेन ३६° से.ला, एक फांदी असलेले आयसोपेंटेन २८° से.ला, तर जवळजवळ गोलाकार निओपेंटेन ९.५° से.लाच उकळते, कारण गोल रेणूंचा एकमेकांशी स्पर्श कमी.

कार्बोक्झिलिक आम्लांत (–COOH गट असलेल्या संयुगांत) दोन रेणू दोन हायड्रोजन बंधांनी जोडीने राहतात. रेणुवस्तुमान ६० असूनही ॲसेटिक आम्ल ११८° से.ला उकळते, तेवढ्याच वस्तुमानाचे १-प्रोपेनॉल ९७° से.ला.

हायड्रोजन बंध कुठे जुळतो, यानेही सारे बदलते, आणि ते प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहता येते. नायट्रोफिनॉलच्या कड्यावर –OH आणि –NO₂ हे गट शेजारी असले की ते ऑर्थो, समोरासमोर असले की पॅरा. ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये तो त्याच रेणूच्या आत जुळतो. पॅरा-नायट्रोफिनॉलमध्ये शेजारच्या रेणूशी. दोघांच्या मिश्रणातून वाफ सोडली की ऑर्थो वाफेबरोबर निघून जातो आणि थंड नळीत त्याचे पिवळे स्फटिक जमू लागतात. पॅरा चंबूतच राहतो.

वेगवेगळ्या रेणूंमधल्या आकर्षणाचा प्रश्न महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांना रोज भेडसावतो. मळीपासून आंबवून मिळालेले इथेनॉल साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही. या प्रमाणातले मिश्रण ७८.२° से.ला, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्याही किंचित आधी उकळते आणि वाफेतही पाण्याचे प्रमाण तेच राहते. म्हणून पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलमधले उरलेले पाणी रेण्वीय चाळण्यांनी (पाण्याचे रेणू अडकतील एवढी बारीक छिद्रे असलेल्या घन पदार्थांनी) शोषून काढतात.