मँक्स नॉर्टन: कारखाना गेला, गाडी राहिली

जुन्या मोटारसायकलींच्या क्लासिक शर्यतींत आज 'मँक्स नॉर्टन' म्हणून पळणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये बर्मिंगहॅमच्या मूळ कारखान्यातला एक नटसुद्धा नसतो. तरी त्यांना सरसकट नक्कल म्हणणं मला पटत नाही.

नॉर्टन या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीने १९४७ पासून खासगी स्पर्धकांसाठी ही गाडी मँक्स या नावाने विकली. एकच सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे). ते फिरवायला इंजिनाच्या बाजूने उभा दांडा आणि बेव्हल म्हणजे तिरक्या दात्यांचे गिअर. व्हॉल्व्हच्या हेअरपिन स्प्रिंगा उघड्याच, त्यामुळे तेल बाहेर उडायचं. १९५० मध्ये बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसने आखलेली फेदरबेड नावाची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, आली आणि त्या वर्षी आयल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टीटीत (टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीच्या पाचशे सीसी गटात) नॉर्टनने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. १९६१ ची सीनियर टीटी इंग्लंडचा शर्यतपटू माइक हेलवूडने मँक्सवरच ताशी १०० मैलांहून जास्त सरासरीने जिंकली. पाचशे सीसीच्या या इंजिनाची ताकद तेव्हा जेमतेम ५० अश्वशक्तीच्या आसपास होती!

१९६२-६३ च्या सुमारास उत्पादन थांबलं. शर्यती मात्र थांबल्या नाहीत, आणि शर्यत म्हणजे सुट्या भागांचा फडशा. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं (बिग-एंड) रोलर बेअरिंग ठरावीक काळाने बदलावंच लागे, मॅग्नेशियमच्या क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाला, गंज आणि तडे ठरलेले. पुनर्निर्मितीचं मूळ या गरजेत आहे. जुन्या आठवणींचं प्रेम बऱ्याच नंतर आलं. नॉर्टनची मालक कंपनी एएमसी १९६६ मध्ये बुडाली, तेव्हा तिचा शर्यत विभाग साइडकार स्पर्धक कॉलिन सीली याने विकत घेतला. मँक्सचा साठा त्याच्याकडून १९६९ मध्ये जॉन टिकलकडे गेला. त्याच वर्षी युगोस्लाव्हियात ओपातियाला गॉडफ्रे नॅशने नॉर्टनवर पाचशे सीसीची ग्रां प्री जिंकली. एक सिलिंडरवाल्या गाडीचा तो त्या वर्गातला शेवटचा विजय. पुढे टू-स्ट्रोकांनी मैदान मारलं. टिकलनंतर मँक्सचं काम युनिटी इक्विपकडे आणि १९९४ मध्ये अँडी मोल्नारकडे आलं.

म्हणजे धागा हातोहात चालत आला, तुटला नाही. बदल झाले ते आतून. भाग संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कातले जातात, ठिणगीसाठी मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं, चारऐवजी सहा गिअरची पेटी बसते. नवी मँक्स मूळ गाडीला सहज मागे टाकते, म्हणून अस्सल जुनी गाडी पळवणारे कुरकुरतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. दोघींना एकाच वर्गात उभं करणं अन्यायाचंच. (खुद्द नॉर्टन कंपनी २०२० पासून आपल्या टीव्हीएसची आहे, पण ती गोष्ट वेगळी.)

होंडाच्या सहा सिलिंडरच्या गाडीची तऱ्हा अगदी उलटी. हेलवूडने १९६७ मध्ये २५० आणि ३५० सीसीची जगज्जेतेपदं या घराण्याच्या गाड्यांवर मिळवली. मग होंडाने शर्यतींतून माघार घेतली. या गाड्या कंपनीने कधी विकल्याच नव्हत्या. त्यामुळे बाजारात ना सुटे भाग होते, ना त्यांचा व्यापार करणारं कुणी. इंग्लंडच्या जॉर्ज बीलने पुढे २९७ सीसीच्या आरसी१७४ च्या मोजक्या प्रतिकृती बनवल्या, त्या अशा कोऱ्या पाटीवरून. मुठीएवढ्या सिलिंडरांत प्रत्येकी चार व्हॉल्व्ह, म्हणजे एका इंजिनात चोवीस, आणि हे सगळं मिनिटाला १७-१८ हजार फेऱ्यांना टिकायला हवं. प्रतिकृती हा शब्द शोभतो तो इथे.