दुरुस्तीआधी जुन्या घरातली ॲस्बेस्टॉसची पाहणी

जुन्या घराचं रिनोव्हेशन काढायच्या आधी छप्पर, पाइप, टाकी, पार्टिशन यात कुठे ॲस्बेस्टॉस असू शकतं हे काहीही न तोडता, न घासता, नुसत्या डोळ्यांनी बघून नोंदवून ठेवणं म्हणजे ही पाहणी. महाराष्ट्रात ती बहुतेक वेळा छपरापासूनच सुरू होते, कारण आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो तो करडा नालीदार पत्रा बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असतो, म्हणजे साधारण 8 ते 10 टक्के ॲस्बेस्टॉस आणि बाकी मुख्यतः सिमेंट.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारं तंतुमय खनिज. जळत नाही, गंजत नाही, सिमेंटला बळकटी देतं. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाट्शेकने 1901 साली ते सिमेंटमध्ये मिसळून पत्रे बनवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि मग जगभर ते पसरलं, आपल्याकडे मुलुंडलाच अनेक वर्षं कारखाना होता. चाळी, शाळा, गोठे, गोदामं, सगळीकडे हे पत्रे चढले. कोकणात तर माकडं कौलं फोडतात, दरवर्षी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, म्हणून लोकांनी कौलं उतरवून पत्रे घातले, त्यात त्यांची काही चूक नाही, कोणी सांगितलंच नव्हतं.

धोका आहे तो धुळीचा. पत्रा अख्खा असताना तंतू सिमेंटमध्ये धरलेले असतात, पण ग्राइंडर लावला, ड्रिल मारलं, हातोड्याने फोडला की ते हवेत जातात, इतके बारीक की दिसतही नाहीत, आणि फुफ्फुसात गेले की तिथेच राहतात. ॲस्बेस्टोसिस (फुफ्फुसं कडक होत जाऊन धाप लागते), फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) हे त्यातून होणारे आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पत्र्यांत वापरतात ते पांढरं ॲस्बेस्टॉस धरून, कॅन्सरकारक ठरवलेत. आजार दिसायला 20 ते 40 वर्षं लागू शकतात. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षं जपायला सांगितलं. घरात पत्रा कापणाऱ्या फॅब्रिकेटरच्या पोऱ्याची नोंद मात्र कोण ठेवणार?

परदेशात घराचं वय हा पहिला पुरावा असतो. ब्रिटनने 1999 मध्ये पूर्ण बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने 2003 च्या शेवटी, त्यामुळे तिकडे जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही बांधकामाचं साल बघून अंदाज येतो, ऑस्ट्रेलियात 1990 च्या आधीचं घर असेल तर भिंतीच्या सपाट शीटपासून जुन्या व्हिनाइल फ्लोअरिंगपर्यंत सगळ्यावर संशय घेतात. आपल्याकडे तसं नाही. इथे 1986 पासून खाणींना नवे परवाने देणं थांबलं पण आयात चालूच राहिली आणि पत्रेही बनत राहिले, त्यामुळे घर पन्नास वर्षांचं आणि मागचं बाथरूम दहा वर्षांपूर्वीचं असेल तर दोन्ही बघायला लागतात.

पाहणी दिवसा, चांगल्या उजेडात आणि खालून करायची. छपरावर चढायचं नाही, जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि दुरुस्ती करणारे थेट खाली पडून जीव जातात, वर जाणं भागच असेल तर आडव्या फळ्या टाकूनच. खालून मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम केलं तरी पुष्कळ दिसतं. नारळ पडून तडा गेलाय का, बोल्टच्या भोकाभोवती तुकडा उडालाय का, शेवाळ किती आहे, वरचा सिमेंटचा थर झिजून पृष्ठभाग खरबरीत झालाय का हे बघायचं. तुटलेली कड सगळ्यात जास्त सांगते, तिथे कधी कधी उसवलेल्या सुतळीसारखे बारीक पांढरट तंतू बाहेर आलेले दिसतात. पत्र्यावर आयएस 459 असा शिक्का सापडला तर प्रश्नच मिटला, ते ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचंच मानक आहे. पन्हळीत साठलेला करडा गाळ आणि वळचणीखाली पागोळ्या पडतात ती माती, हीपण बघायची, कारण झिजलेले तंतू पावसाबरोबर तिथेच येतात, आणि लहान मुलं तिथेच खेळतात.

छपराखेरीज पावसाचे आणि संडासाचे जुने करडे पाइप, चुलीचं धुराडं, गच्चीवरची सिमेंटची टाकी, फॉल्स सीलिंगची सपाट शीट, जुन्या बॉयलर किंवा गरम पाइपभोवतीचं गुंडाळलेलं आवरण, हेही बघायचं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण ते हाताने चुरलं तरी भुगा होतो, त्याला बोटही लावू नये.

डोळ्यांनी मात्र नक्की काही ठरत नाही. हल्ली ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. खात्री लॅबमध्ये नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते, आणि नमुना घेणं हेही जाणकाराचं काम, घरच्या घरी तुकडा मोडायचा नाही. टेस्ट करायची नसेल तर ॲस्बेस्टॉस आहेच असं धरून काम करायचं. पाहणीतून "नाही, सेफ आहे" असं उत्तर काढायला गेलात तर फसाल, कुठे हातोडा लावायचा नाही ते ठरवायला ती उपयोगी.

हे सगळं मिस्त्री यायच्या आधी झालं पाहिजे. पत्रे चांगले असतील आणि काम दुसरीकडेच असेल तर त्यांना हात लावू नये. काढायचेच असतील तर ओले करून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवावेत, वरून खाली फेकू नयेत, आणि कोरडा झाडू मारू नये. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, घट्ट बसणारा बारीक धुळीचा मास्क लागतो. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, ती मुख्यतः कारखान्यांसाठी, त्यामुळे आधी महापालिकेत किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात विचारावं. भंगारवाल्याला देऊ नये, जोत्याच्या भरावात तुकडे घालू नयेत, आणि शेळ्यांच्या शेडला होतील म्हणून गावी तर अजिबात पाठवू नयेत.