पकड कुणावर हवी?

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. त्यातल्या दोन आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध भलताच चिवट असतो. साध्या पाण्यात तो आपोआप तुटेल म्हणून वाट पाहायची, तर शेकडो वर्षं जातील. आतड्यात मात्र जेवणातली प्रथिनं काही तासांत सुटी होतात. हे काम करणारी तीन एन्झाइमं (रासायनिक क्रिया वेगवान करणारी प्रथिनं), म्हणजे ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आणि इलास्टेज, स्वादुपिंडात तयार होतात. तिघांची घडण जवळजवळ एकसारखी, पण आवडीनिवडी अगदी वेगळ्या.

आवड ठरते ती कापायच्या जागेशेजारच्या एका खिशावरून. ट्रिप्सिनच्या खिशाच्या तळाशी ऋणभारित अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे, त्यामुळे तिथे लायसीन किंवा आर्जिनीन या अमिनो आम्लांचा लांब, धनभारित हात, म्हणजे साखळीतून बाजूला निघालेला भाग, ओढला जातो. कायमोट्रिप्सिनमध्ये त्याच जागी सेरीन आहे. भार नाही आणि खिसाही ऐसपैस, म्हणून फेनिलॅलानीन, टायरोसीनसारखी, हातात अणूंचं कडं असलेली, पाण्याशी फारसं न जमणारी आम्लं तिथे रमतात. इलास्टेजच्या खिशाचं तोंड दोन आडव्या आलेल्या आम्लांनी अडवलंय. तिथे अ‍ॅलानीनसारख्या लहानग्यांनाच शिरकाव.

१८९४ मध्ये एमिल फिशर यांनी कुलूप-किल्लीची उपमा दिली ती अशाच निवडीसाठी. निवडीपुरती ती चोख आहे. पण किल्ली कुलपात नुसती छान बसली म्हणून बंध का तुटावा? उलट कापायचा पदार्थ जसा आहे तसाच एन्झाइमनं घट्ट धरला, तर तो तिथेच आरामात पडून राहील. लायनस पाउलिंग यांनी १९४० च्या दशकात याचं उत्तर मांडलं: एन्झाइमची खरी पकड असते ती मूळ पदार्थावर नाही, तर बंध तुटताना क्षणभर येणाऱ्या अवघडलेल्या रूपावर.

कायमोट्रिप्सिनमध्ये हे जवळून पाहता येतं. हिस्टिडीन ५७, अ‍ॅस्पार्टिक आम्ल १०२ आणि सेरीन १९५ (आकडे म्हणजे साखळीतला क्रमांक) ही साखळीत एकमेकांपासून लांब असलेली तीन आम्लं घडी पडल्यावर शेजारी येतात. हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन काढून घेतं आणि सेरीनचा ऑक्सिजन बंधातल्या कार्बनवर चाल करतो. एरवी सपाट बसलेला तो कार्बन आता चार दिशांना हात पसरतो, आणि त्याला जोडलेल्या ऑक्सिजनवर ऋणभार येतो. हा ऑक्सिजन थोडा सरकून एका छोट्या पोकळीत जातो, तिथे दोन हायड्रोजन बंध त्याला सावरतात. मूळ सपाट रूपात तो तिथे नीट पोहोचतच नाही. सगळी गंमत मला या एवढ्याशा पोकळीत दिसते.

स्वादुपिंड स्वतःला पचवत नाही, याचं एक कारणही इथेच सापडतं. तिथे कायमोट्रिप्सिन निष्क्रिय रूपात असतं: तिन्ही आम्लं जवळपास जागेवर, पण पोकळी नीट घडलेली नसते. आतड्यात ट्रिप्सिन त्याच्या साखळीतल्या १५ आणि १६ क्रमांकांच्या आम्लांमधला बंध कापतं, मोकळं झालेलं टोक आत वळून १९४ व्या आम्लाशी जुळतं, आणि मग पोकळी आकाराला येते.

ट्रिप्सिनच वेळेआधी जागं झालं तर? त्यासाठी स्वादुपिंडात रोधक, म्हणजे त्याला अडवून धरणारी, प्रथिनं असतात. गायीतलं असं एक प्रथिन जेमतेम ५८ आम्लांचं. त्याचं लायसीन ट्रिप्सिनच्या खिशात नेमकं बसतं, कापायचा बंध सेरीनच्या पुढ्यात येतो, तरी तो जवळजवळ कापला जातच नाही. रोधक इतका ताठ आणि इतका घट्ट धरलेला असतो, की बंध तुटला तरी तुकडे दूर होत नाहीत आणि तो पुन्हा जुळतो. ही जोडी सुटायला काही महिने लागतात.