‘रिॲक्टिव्ह’ आलंय, म्हणजे नक्की काय?

माझा मावसभाऊ सुईला घाबरतो. पंचेचाळिशी गाठली तरी रक्तदान शिबिर म्हटलं की हा मंडपाच्या मागून पसार. एका गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्याला अक्षरशः धरून खाटेवर झोपवलं आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, “एकदा समक्ष येऊन भेटा, फोनवर सांगता येत नाही.” तो जाऊन आला आणि त्याच रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. “ताई, हिपॅटायटिस सी रिॲक्टिव्ह लिहिलंय. गेलं ना गं माझं लिव्हर?”

लिव्हरचा आणि त्या शब्दाचा सरळ संबंध नाही, हे त्याच्या गळी उतरवायला मला तासभर लागला. त्या तासात जे बोललो, तेच जरा नीट लावून इथे सांगते.

हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, यकृताला लागणारा विषाणू. त्यासाठी रक्तपेढीत होते ती बहुधा एलायझा चाचणी. तळहाताएवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला विषाणूच्या प्रथिनांचे प्रयोगशाळेत बनवलेले तुकडे चिकटवलेले असतात. त्यात रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, घालतात. त्या तुकड्यांना ओळखणारी अँटीबॉडी, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेलं प्रथिन, सीरममध्ये असेल तर ती जाऊन चिकटते. मग धुवायचं, त्या अँटीबॉडीला चिकटणारं एन्झाइम घालायचं, पुन्हा धुवायचं आणि मग रंग आणणारं रसायन घालायचं. जिथे काही चिकटलेलं असतं तो खळगा निळा होतो. शेवटी आम्लाचा थेंब पडला की निळ्याचा पिवळा. काविळीची चाचणी आणि उत्तर पिवळ्या रंगात! मला या योगायोगाची दरवेळी गंमत वाटते. त्या पिवळेपणाची गडदी यंत्र मोजतं, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की ‘रिॲक्टिव्ह’.

म्हणजे मशीनने विषाणू पाहिलेलाच नाही. त्याने पाहिली ती शरीराची आठवण. हा विषाणू कधीतरी येऊन गेला, किंवा आला आणि मुक्कामाला राहिला, किंवा आलाच नाही पण त्याच्यासारखं काहीतरी दिसलं. या तिन्ही प्रसंगी रिपोर्टावर शब्द एकच उमटतो.

तिसऱ्या शक्यतेचा हिशोब करून बघा. समजा, दहा हजार रक्तदात्यांत खरोखर अँटीबॉडी असलेले ३० जण आहेत. चाचणी इतकी चांगली आहे की निरोगी माणसांतल्या हजारात तिघांच्याच बाबतीत चुकते. तरीही निरोगी लोक जवळजवळ दहा हजार आहेत, म्हणून हजारी तीनच्या दराने चुकीचे रिॲक्टिव्हही ३०च. एकूण ६० जणांना फोन गेले आणि त्यातले निम्मे उगाच घाबरले. उरलेल्या ३० जणांपैकीही साधारण तिसरा हिस्सा असा, की ज्यांच्या शरीराने पहिल्या सहा महिन्यांतच विषाणू स्वतःहून हाकलला. मागे राहिली ती फक्त आठवण. थोडक्यात, साठातल्या विसेक जणांच्या रक्तात आज विषाणू सापडेल. रक्तपेढीचं काम संशयित पिशवी बाजूला काढण्याचं आहे, त्यामुळे ती जास्त संशय घेते आणि तेच बरोबर आहे. फक्त पिशवीसाठी लावलेली गाळणी आपण माणसाला लावतो आणि तिथे झोप उडते.

खरा निकाल देते ती दुसरी चाचणी. एचसीव्ही आरएनए, बोलीभाषेत ‘पीसीआर’. ती विषाणूचं जनुकीय द्रव्यच शोधते. संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांतच ती लागू पडते, अँटीबॉडी तयार व्हायला मात्र दोन-अडीच महिने लागू शकतात. नुकतीच सुई टोचलेल्या नर्सला किंवा वॉर्डबॉयला अँटीबॉडी चाचणी ‘निगेटिव्ह’ सांगते तेव्हा लगेच सुटकेचा निःश्वास टाकता येत नाही, तो यामुळे.

हिपॅटायटिस बी विषाणूचा मामला वेगळा आहे. त्याच्या एचबीएसएजी चाचणीत सापडतो तो विषाणूच्याच वेष्टणाचा तुकडा, म्हणजे तिथे पॉझिटिव्ह हा आठवणीचा प्रश्न राहत नाही. बीवर लस आहे, सीवर नाही. उलट सी औषधाने मुळासकट जातो, बी सहसा जात नाही, त्याला गोळ्यांनी दाबून ठेवावं लागतं. दोन्ही रिपोर्ट एकाच कागदावर येतात म्हणून लोक दोघांना एका मापाने मोजतात.

आणि ‘कावीळ’ हा शब्द तर गोंधळात भरच घालतो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ डोळे पिवळे करते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. म्हणून तर गळ्यात घातलेली काविळीची माळ रोज लांब होताना दिसते आणि श्रेय घेऊन जाते. काड्यांभोवतीच्या गाठी सैल होतात, काड्या सुकतात, माळ वाढते. कावीळ तिच्या गतीने जातच असते. सीमध्ये मात्र बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. वीस-तीस वर्षं काहीही जाणवत नाही आणि त्या काळात यकृतात व्रणांची जाळी विणली जाते. उतरवायला काही दिसतच नाही, तर माळ काय करणार?

भावाच्या बाबतीत हिशोब जरा निराळा होता. १९९६ साली, दहावीत असताना, मोटरसायकलवरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलं. दान केलेल्या रक्ताची सीसाठी तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती या शतकाच्या सुरुवातीला. १९९६च्या त्या बाटल्या तपासल्या गेल्या असतील अशी शक्यता कमीच. विषाणूची ओळख पटूनही तोवर सातच वर्षं झाली होती. त्याआधी डॉक्टर त्याला ‘ए नाही, बी नाही’ असंच म्हणत. अमेरिकेत हार्वी आल्टर यांनी रक्त चढवलेल्या रुग्णांत हा निनावी आजार दाखवून दिला होता. १९८९मध्ये मायकेल हॉटन यांच्या चमूने तो पकडला, तोही सूक्ष्मदर्शकात न बघता. बाधित चिंपांझीच्या रक्तातल्या जनुकांचे लाखो तुकडे त्यांनी रुग्णाच्या अँटीबॉडीसमोर धरले आणि एक तुकडा चिकटला. विषाणू पहिल्यांदा सापडला तोही आठवणीचाच माग काढत. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२०चं नोबेल मिळालं.

तर अशी पार्श्वभूमी असलेल्या माणसाचं ‘रिॲक्टिव्ह’ खरं निघण्याची शक्यता वाढते. पीसीआरचा रिपोर्ट यायला चार दिवस होते आणि या चार दिवसांत त्याने जे करायला नको तेच केलं. मोबाइलवर वाचत बसला. केस गळतात. नैराश्य येतं. वर्षभर ताप. अर्ध्यांनाच गुण येतो. मावशीने तोवर त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला होता. (एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, कपाने सी पसरत नाही. वस्तरा, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचे त्याने वापरावेत. मावशीला हे सांगायला वेगळा तास लागला.)

त्याने वाचलं ते खोटं नव्हतं, शिळं होतं. ते वर्णन सीवरच्या जुन्या उपचाराचं, इंटरफेरॉनचं. इंटरफेरॉन हे शरीराचंच प्रथिन, १९५७ साली लंडनमध्ये सापडलेलं. विषाणू आला की पेशी ते सोडतात. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, थंडी वाजते, काही करावंसं वाटत नाही, त्यातला बराच भाग विषाणूचा नसून या प्रथिनाचा असतो. त्या उपचारात तेच प्रथिन दर आठवड्याला सुईने टोचायचं, सहा महिने ते वर्षभर. म्हणजे दर आठवड्याला विकतचा फ्लू. रुग्ण शुक्रवारी संध्याकाळी इंजेक्शन घेत, म्हणजे शनिवार-रविवार पडून राहता येई आणि सोमवारी कामावर जाता येई. सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. ते औषध तांबड्या पेशींत साठत जातं, बाहेर पडत नाही, पेशी फुटतात. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन दोन-तीनने खाली येई आणि जिना चढताना धाप लागे. एवढं सोसून विषाणूच्या एका हट्टी प्रकारात निम्म्या लोकांनाही यश येत नसे. ज्यांनी ते उपचार पुरे केले त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

२०१३च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली आणि हे चित्र पालटलं. विषाणू आपल्या आरएनएची नक्कल काढतो तेव्हा ही गोळी खोटी वीट होऊन साखळीत बसते आणि पुढचं बांधकाम थांबतं. शरीराला फ्लू झाल्याचा भास करून द्यावा लागत नाही. तिकडे एका गोळीची किंमत एक हजार डॉलर होती, १२ आठवड्यांचे ८४ हजार. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्यावर २०१५पासून इथे ती त्या मानाने किरकोळ किमतीत बनू लागली. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तर सरकारी केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. नव्वदीच्या पुढे टक्केवारीने लोक बरे होतात.

साइड इफेक्टचं म्हणाल तर मला एक आकडा फार बोलका वाटतो. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर या जोडीची एक मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. काही रुग्णांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. खऱ्या गोळीवर २९ टक्के लोकांचं डोकं दुखलं, खोट्या गोळीवर २८ टक्के. थकवा दोन्हीकडे २० टक्के. डोकेदुखी खरीच होती, कुणी नाटक करत नव्हतं. पण ती गोळीतून आलेली नव्हती.

भावाचा पीसीआर पॉझिटिव्ह आला. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनवर यकृत बऱ्यापैकी ठीक निघालं, सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होऊन जाणं, नव्हता. सरकारी केंद्रातून सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर सुरू झालं, १२ आठवडे, ८४ दिवस. पहिल्याच आठवड्यात डोकं दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, लिहून ठेवा. आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकोनात त्याने गोळी घेतल्याची ‘गो’ आणि डोकेदुखीचा ‘डो’ लिहायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी पाहिलं तर ‘डो’ बहुतेक त्या दिवशी, ज्याच्या आदल्या रात्री तो एकपर्यंत मोबाइल बघत होता किंवा सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडला होता. रात्रीचा मोबाइल सुटला, सकाळी पोहे-उपमा पोटात जाऊ लागला, पाणी वाढलं. ‘डो’ विरळ झाले.

सांभाळायचं ते वेगळ्याच ठिकाणी आहे आणि लोकांचं लक्ष तिथे नसतं. वेल्पाटासव्हिर जिरायला पोटात आम्ल लागतं. सकाळी उठल्याबरोबर ‘गॅसची गोळी’ घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या या औषधांची रक्तातली पातळी पाडतात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन सोबत असेल तर नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते. अंगात बी विषाणू दडलेला असेल तर सी गेल्यावर तो डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी बीची तपासणी हवीच. रिबाव्हिरिन आजही बिघडलेल्या सिरोसिसमध्ये देतात आणि गर्भाला त्याचा गंभीर धोका असतो. नवरा किंवा बायको, कुणीही ते घेत असेल तरी गर्भधारणा टाळायची, औषध संपल्यावरही काही महिने. अंगदुखीवर दुकानातून उठून आणलेली पेनकिलर नको. पॅरासिटामॉल किती, ते विचारून.

आणि ‘लिव्हरसाठी चांगलं’ म्हणून शेजारी आणून देतात तो काढाही डॉक्टरांना दाखवा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद असू दे, पण विषाणूशी झुंजणाऱ्या यकृतावर प्रयोग करायची ही वेळ नव्हे.

८४ गोळ्या संपल्यावर लगेच निकाल लागत नाही. आणखी १२ आठवडे थांबून पुन्हा पीसीआर करतात. तेव्हा विषाणू सापडला नाही तर माणूस बरा झाला असं मानतात. भावाला हा मधला काळ गोळ्यांपेक्षा जड गेला. कॅलेंडरवर काही लिहायलाच नव्हतं. रिपोर्ट आला, “आढळला नाही”. त्याने तो लॅमिनेट करून घेतला. मी हसले, पण त्यात शहाणपण होतं. अँटीबॉडी जात नाही. उद्या आखातातल्या नोकरीसाठी मेडिकल असो किंवा कुठलं ऑपरेशन, जुन्या चाचणीवर तो पुन्हा ‘रिॲक्टिव्ह’च येणार आणि पुन्हा कुणीतरी दचकणार. तेव्हा हा कागद पुढे करायचा.

त्याच कारणाने त्याचं रक्त आता कुठली रक्तपेढी घेणार नाही. पुढच्या गणपतीत शिबिर भरलं तेव्हा मंडळाची पोरं त्याला धरायला आली नाहीत. तो आपणहून आला, चहा-बिस्किटांचं टेबल लावून बसला आणि रक्त देऊन उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातात केळं ठेवत राहिला. सुई दिसली की मान मात्र दुसरीकडे फिरवत होता.