पुठ्ठा वाचवायचा तर मोरीपाशीच

मुंबईतल्या एखाद्या गजबजलेल्या हॉटेलच्या मागच्या दाराशी दुपारची गर्दी ओसरल्यावर जाऊन पाहा. ड्रममध्ये सांबारभाताचं खरकटं, त्यात रुतलेल्या दुधाच्या पिशव्या, वर चहाचा चोथा आणि तेलाने माखलेलं पुठ्ठ्याचं खोकं. हेच खोकं कोरडं असतं तर भंगारवाल्याने पैसे मोजून नेलं असतं. आता ते कुणालाच नको. पुठ्ठ्याचा लगदा करताना तेल तंतूंना चिकटून राहतं, मग तंतू एकमेकांना नीट धरत नाहीत आणि नवा कागद कमजोर होतो. पुढे कुणी कितीही निवडलं तरी हे नुकसान भरून येत नाही. म्हणून कचरा वेगळा व्हायला हवा तो टाकतानाच, मोरीपाशी.

खरकट्याचं पुढे काय होतं, हेही व्यावसायिकांनी समजून घ्यायला हवं. कचऱ्याच्या डोंगरात खोलवर हवा पोचत नाही. तिथे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू अन्न कुजवतात आणि मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो. 1927 पासून कचरा झेलणाऱ्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी 2016 मध्ये लागलेली आग आणि तो धूर पूर्व उपनगरं विसरलेली नाहीत. त्या धुराची किंमत आसपासच्या वस्त्यांनी मोजली, हे मला फार बोचतं.

त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांना मोठे कचरा-उत्पादक ठरवलं. ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, ही त्यांच्याकडून अपेक्षा. पण वेगळा करण्याचं बंधन चहाच्या टपरीलाही आहे.

आवारात खत करायचं, तर नुसतं खरकटं रचून भागत नाही. त्यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन कमी. जिवाणूंना नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो. त्यासाठी वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुसा मिसळायचा आणि ढीग अधूनमधून उलथायचा. दुर्गंधी आली की समजावं, आत हवा कमी पडतेय. ढीग नीट जमला तर आतलं तापमान 55 अंशांवर जातं आणि रोगजंतू मरतात. शहाळी मात्र अख्खी टाकू नयेत. त्यांच्या चिवट तंतूंमधलं लिग्निन कुजायला फार वेळ घेतं, आधी यंत्रात त्यांचे तुकडे करावे लागतात.

तळणाचं जुनं तेल मोरीत ओतू नये, ते बायोडिझेलसाठी नेणारे आहेत. दुकानाच्या बिलांचा गुळगुळीत कागद रद्दीत नको, त्यावर रसायनांचा थर असतो. ऑफिसातल्या लिथियम बॅटऱ्या तर कुठल्याच डब्यात नकोत. कचरा दाबणाऱ्या गाडीत त्या चिरडल्या तर पेट घेतात. त्या अधिकृत ई-कचरा केंद्रालाच द्याव्यात आणि पावती घ्यावी.

डबे कुठे ठेवता, यावर बरंच ठरतं. टेबल पुसणारा मुलगा ताट घेऊन धावत असतो, पार्किंगमधल्या रंगीत डब्यांपर्यंत तो जाणार नाही. डबे त्याच्या हाताशी ठेवा, हातमोजे द्या, आणि त्या कामाचा वेळ त्याच्या पाळीत धरा.