काराव्हाज्जोची संत उर्सुला : न वाळलेल्या व्हार्निशची गोष्ट

११ मे १६१०. नेपल्सहून लांफ्रांको मास्सा आपल्या जिनोव्याच्या धन्याला, मार्कान्तोनियो दोरियाला, कळवतो : संत उर्सुलाचं चित्र याच आठवड्यात पाठवणार होतो. पुरतं वाळावं म्हणून उन्हात ठेवलं, तर वाळायचं राहिलं बाजूला, व्हार्निशच मऊ पडलं. चित्रकार काराव्हाज्जोने ते फारच जाड लावलं आहे.

दोरियाला उर्सुलाच हवी होती, कारण त्याची सावत्र मुलगी नेपल्समध्ये जोगीण झाली होती आणि तिने हेच नाव घेतलं होतं. उर्सुला ही ब्रिटनची राजकन्या. आख्यायिका अशी की, कोलोन शहरात हूणांच्या राजाने तिला लग्नाची मागणी घातली, तिने ती धुडकावली आणि त्याने तिला बाण मारला. तिच्यासोबत अकरा हजार कुमारिका मारल्या गेल्या, असंही सांगतात. हा आकडा ‘अकरा’ची खूण चुकीची वाचल्याने फुगला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

आधीच्या चित्रकारांना या कथेतली गर्दी मोहवत असे. १४८९ मध्ये मेमलिंगने आणि त्यानंतर लगेचच कार्पाच्चोने जहाजं, शहरं, कुमारिकांचे तांडे रंगवले. काराव्हाज्जोने ते सगळं वगळलं. अंधार, मोजकी माणसं आणि हातभर अंतरावरून सुटलेला बाण. उर्सुला किंचाळत नाही. छातीत रुतलेल्या बाणाकडे ती खाली मान घालून बघते, जणू काय झालं ते अजून उमगायचं आहे. तिच्या मागे तोंड उघडं टाकून बघणारा माणूस म्हणजे खुद्द चित्रकार. मला हे चित्र त्याच्या साऱ्या हुतात्मा-चित्रांत सर्वांत एकाकी वाटतं.

१८ जूनला चित्र जिनोव्याला पोहोचलं. बरोबर महिन्याने, १८ जुलैला, काराव्हाज्जो पोर्तो एर्कोलेला वारला.

पुढे चित्रावरचं त्याचं नावच पुसलं गेलं. १९७२ मध्ये एका इटालियन बँकेने ते घेतलं, तेव्हा ते मात्तिया प्रेती या चित्रकाराचं समजलं जात होतं. प्रेतीचा जन्म १६१३चा! १९८० मध्ये विन्चेन्झो पाचेल्लींनी मास्साचं पत्र उजेडात आणलं आणि व्हार्निशच्या त्या तक्रारीने चित्राचा खरा कर्ता ठरवला.

२००३-०४ मध्ये रोममध्ये चित्र साफ करताना वरचे जुने थर निघाले आणि राजा व उर्सुला यांच्या मधोमध एक पंजा दिसू लागला. कुणीतरी बाण अडवायला हात पुढे केला होता.